मिरची वाजली पाहिजे

पथारीवरची कुठलीही एक मिरची उचलायची, देठाला धरून कानाजवळ न्यायची आणि हलवायची. आतल्या बिया खुळखुळल्या तर ती वाळली. आवाज आला नाही तर ती पुन्हा उन्हात. माझी माय हे काम बोलत बोलत करायची, हात आपोआप चालायचा. मी शाळेतून आलो की माझ्या हातातही एक द्यायची आणि म्हणायची, "हालाई देख. वाजस का?" मी हलवायचो. वाजली नाही की तिचं ठरलेलं उत्तर, "आखो दोन दिन ऱ्हाऊ दे."

आमचं गाव दोंडाईच्याजवळ. घर धाब्याचं होतं. खांदेशातली जुनी घरं ज्यांनी पाहिली आहेत त्यांना मातीचं ते सपाट धाबं माहीत असेल. उन्हाळ्यात झोपायला तेच, बिबड्या-कुरडया घालायला तेच आणि जानेवारीपासून मिरची वाळवायलाही तेच. आता मी धुळ्यात देवपूरला राहतो. धाब्याऐवजी सिमेंटची गच्ची आहे. मायचे हात संधिवाताने आखडलेत, म्हणून गेली अकरा वर्षं घरचं वर्षभराचं तिखट मी करतो. बायको मसाल्याचं बघते, तिखट माझ्याकडे. मी पेशाने फिटर आहे. यंत्र, उष्णता, घर्षण हे माझं रोजचं काम, आणि तिखट करताना त्याचा फार उपयोग होतो. तो कसा, ते पुढे सांगतो.

बहुतेक लोक वाळलेली मिरची आणतात, दोन दिवस ऊन दाखवतात आणि कांडपाला नेतात. त्यात चूक काही नाही. पण मी ओली लाल मिरची आणून घरीच वाळवतो, कारण तिखटाचं सगळं बरंवाईट त्या दहा-पंधरा दिवसांत ठरतं. दुसऱ्याने कशी वाळवली, पाऊस लागला का, रात्री झाकली का, हे वाळलेल्या मिरचीकडे बघून पूर्ण कळत नाही. आणि आपल्याकडे ओली मिरची मिळण्याची अडचणही नाही. नंदुरबारची बाजार समिती त्यासाठीच प्रसिद्ध. ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून तिथे ओल्या लाल मिरचीची आवक सुरू होते, ती मार्चपर्यंत चालते. शहराबाहेर व्यापाऱ्यांच्या पथाऱ्या असतात. लांबून बघितलं तर जमिनीवर लाल कापड अंथरल्यासारखं दिसतं, जवळ गेलं की मिरची. तिथे देठ खुडायला बसलेल्या बायांनी तोंडाला फडकी घट्ट गुंडाळलेली असतात. बारा महिन्यांचं तिखट आपल्या ताटात येतं ते त्यांच्या बोटांवरून. ज्याला अर्धा तास देठ मोडायला लागले आहेत त्यालाच त्या बोटांचं काय होत असेल ते समजेल.

मी जानेवारीच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात जातो. मिरचीची नावं तिथे भरपूर ऐकू येतात: लाली, फापडा, जरेला. मी नावापेक्षा मिरची बघतो. पूर्ण लाल झालेली, सालीला तकाकी असलेली, देठ हिरवा आणि घट्ट. दोन-तीन मिरच्या मधोमध मोडून बघतो. आत काळपट किंवा राखाडी दिसलं तर ढीग कितीही देखणा असो, पुढे जातो. ही बुरशी झाडावरच आत शिरलेली असते, बाहेरून काही कळत नाही.

बारा-तेरा किलो ओली मिरची घेतो. ओल्या लाल मिरचीत जवळपास तीन-चतुर्थांश पाणीच असतं, त्यामुळे वाळून ती तीन-सव्वातीन किलो भरते. तिच्यात एक किलो बेडगी आणि अर्धा किलो लवंगी, ह्या दोन्ही वाळलेल्या, पाचकंदीलच्या बाजारातून आणतो. बेडगी रंगासाठी. ती कर्नाटकातल्या हावेरी जिल्ह्यातल्या ब्याडगी गावाच्या नावाची, सुरकुतलेली, गडद लाल आणि फारशी तिखट नसलेली. लवंगी जिभेसाठी. आमची स्थानिक मिरची दोन्हींच्या मधली. शेवभाजीवर तर्री हवी पण पहिल्या घासाला ठसका लागायला नको, एवढं ह्या मिश्रणाने साधतं.

घरी आणल्याबरोबर उन्हात टाकत नाही. आधी निवडून, पाण्यातून झटकन काढून, चादरीवर पंख्याखाली कोरडी करतो. मग दोन दिवस सावलीत ढीग करून वरून सुती कापड. ज्यांचा एखादा भाग हिरवट राहिलेला असतो त्या ह्या दोन दिवसांत लाल होतात. थेट उन्हात टाकल्या तर तो हिरवट भाग पुढे पांढरा पडतो. अशी पांढरी पडलेली मिरची बाजारात फटकी म्हणून वेगळी काढतात. तिला चव नाही, रंगही नाही. घरी मी अशा सगळ्या वेचून टाकतो. माय म्हणते फोडणीला ठेव, मी ठेवत नाही. एवढ्या एका बाबतीत आमचं जमत नाही.

तिसऱ्या दिवसापासून गच्ची. सिमेंटवर कधीच नाही, खाली स्वच्छ धुतलेली सुती धोतरं किंवा जुन्या साड्या. प्लॅस्टिकच्या कागदावर मिरचीखाली पाणी सुटतं आणि ती खालून उबते. थर एकाच मिरचीचा, एकीवर दुसरी नको. दुपारी एकदा हाताने परतायची. आणि संध्याकाळी साडेपाचला, ऊन उतरायच्या आत, गोळा करून घरात. हे कंटाळवाणं आहे, आणि हेच सगळ्यांत महत्त्वाचं आहे. खांदेशचं जानेवारीतलं ऊन दिवसा छान असतं पण रात्री थंडी कडक, पहाटे दव पडतं. दिवसभरात सुकलेलं साल रात्री पुन्हा ओल पितं. दोन रात्री मिरची उघड्यावर राहिली तर चार दिवसांचं ऊन वाया गेलं असं समजायचं.

देठ मात्र शेवटपर्यंत काढत नाही. नवखी माणसं आधीच देठ मोडून बसतात, की वाळायला सोपं जाईल. देठ म्हणजे मिरचीचं बूच आहे. ते काढलं की तोंड उघडं पडतं, आत धूळ जाते, किडा जातो, बिया गळतात. वाळून वाजायला लागली की मग देठ. तेव्हा ते बोटाच्या एका झटक्यात मोडतं. ओल्या मिरचीचं देठ वाकतं, मोडत नाही, हीसुद्धा एक खूणच.

तीन वर्षांपूर्वी मी ह्या खुणा मानल्या नाहीत. त्या वर्षी कामाच्या गडबडीत मिरची उशिरा आणली, मार्च उजाडला. दहा दिवस चांगले गेले. मग आभाळ आलं. चार दिवस ऊनच नाही, दोनदा अवकाळी सरी. मी मिरची खोलीत पसरली, पंखा लावला, वरून प्लॅस्टिकही टाकलं. कांडपवाल्याकडे नंबर लावलेला होता, रविवारची सुट्टी होती, आणि मिरची वरून कडक लागत होती. नेली. कांडून आणली. रंग इतका सुंदर आला होता की शेजारच्या वहिनींनी वाटी भरून नेली.

आषाढात बरणी उघडली तर चमचा आत जाईना. गुठळ्या झाल्या होत्या. फोडल्या तर आत करडी छटा आणि बंद खोलीसारखा कुबट वास. बायको म्हणाली वरचं काढून खालचं चाळून घेऊ, ऊन दाखवू. मायने तिखटाकडे बघितलं नाही. फोडणीसाठी सबंध ठेवलेल्या त्याच खेपेतल्या मिरच्यांचा डबा तिने मागितला, एक मिरची काढली आणि कानाजवळ हलवली. काहीच वाजलं नाही. तिने ती माझ्या हातावर ठेवली आणि आत गेली.

चार किलो तिखट मी मागच्या मोकळ्या जागेत खड्डा करून पुरलं. शेजारच्या वहिनींकडेही जाऊन सांगितलं आणि वाटी परत आणली. चाळून, ऊन देऊन वापरायचा मोह होतोच, म्हणून इथे नीट लिहितो. मिरचीवर येणाऱ्या काही बुरशा अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार करतात. ते यकृताला घातक असतं आणि आपण जेवढं शिजवतो, तळतो, उकळतो त्याने ते जात नाही. दिसणारी बुरशी काढून टाकली तरी विष मागे राहतं. कुबट वास आलेलं तिखट गुरांनाही घालू नये. वर्षाचं तिखट गेलं तर जाऊ द्यावं.

त्या वर्षानंतर कांडपाचा दिवस मी मिरचीला विचारून ठरवतो, कांडपवाल्याला विचारून नाही. निरनिराळ्या कोपऱ्यांतल्या वीस मिरच्या उचलतो. वीसच्या वीस वाजल्या पाहिजेत. एकोणीस वाजल्या तरी आणखी एक दिवस.

कांडपाच्या आदल्या दिवशी आम्ही सगळे देठ मोडायला बसतो. आधी हातांना शेंगदाण्याचं तेल चोळून घ्यायचं. मिरचीची आग ज्या पदार्थामुळे होते तो कॅप्सायसिन पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतो. म्हणून तिखट हात नुसत्या पाण्याने धुतले तर आग पसरते. आधी तेल, मग साबण, मग पाणी. जिभेला लागलं तरी पाणी पिऊन उपयोग नाही, दूध किंवा दही घ्यावं. माझ्या मुलीला वाटायचं आग बियांत असते. बऱ्याच जणांना तसंच वाटतं. आग असते ती बिया ज्या पांढऱ्या शिरेला चिकटलेल्या असतात त्या शिरेत. बियांना ती नुसती लागलेली असते. देठ मोडताना सुट्या होऊन खाली पडलेल्या बिया मी सुपात पाखडून बाजूला करतो. त्या जास्त झाल्या तर तिखट पिवळट दिसतं. मिरचीच्या आतल्या तशाच राहू देतो.

कांडपाच्या दिवशी सकाळी ऊन देऊन, मिरची हाताला गरम लागेल अशी झाली की दुपारी थेट नेतो. काही जण कढईत भाजतात. आमच्या काळ्या मसाल्याची मिरची भाजलीच पाहिजे, त्याचा तो काळा खमंगपणा त्यातूनच येतो. तिखटाची मिरची भाजू नये, असं माझं ठाम मत आहे. लाल रंग कढईतच अर्धा जातो. तेलाचा हात लावून कांडणंही मला पटत नाही. त्या दिवशी चमक येते, पावसाळ्यापर्यंत तेल खवट होतं.

आता यंत्राची गोष्ट. माझ्या लहानपणी उखळ-मुसळ होतं. दोन बाया समोरासमोर उभ्या राहून आळीपाळीने मुसळ घालायच्या, तिसरी चाळायची. आता दोन प्रकारची यंत्रं असतात. एकात लोखंडी मुसळं वरखाली होऊन मिरची कुटतात, ते खरं कांडप. दुसऱ्यात आतले हातोडे गरगर फिरतात, मिरची आपटून फुटते आणि जाळीतून बाहेर पडते, तो पल्वरायझर. दुसरा झटपट काम करतो, पण आपटण्या-घासण्यातून उष्णता तयार होते. जाळी फार बारीक असली किंवा हातोडे झिजलेले असले तर मिरची बाहेर पडायच्या आधी आत पुन्हापुन्हा घासली जाते. एकदा एका ठिकाणी माझं तिखट हात लावता येणार नाही इतकं तापून, विटकरी होऊन बाहेर आलं. वास मिरचीचा कमी आणि जळक्याचा जास्त. यंत्राचा आवाज ऐकूनच मला कळलं होतं की आत काय चाललंय. मी थांबवायला सांगितलं, तोवर दोन किलो गेलं होतं. तेव्हापासून मी मुसळांच्या कांडपावर जातो, वेळ लागला तरी. पल्वरायझरशिवाय पर्याय नसेल तर दोनदा काढून घ्यावं. पहिल्यांदा जाड जाळीने, मग पसरून पूर्ण निवू द्यावं, मग बारीक जाळीने.

आणि आपल्या आधी कोणाचं काय कांडलं हे विचारायला लाजू नये. हळद असेल तर थांबावं, धणे असतील तरी थांबावं. आपल्या आधी दुसऱ्याचं तिखट असेल तर उत्तम. तरीही पहिली दोन मुठी मिरची यंत्र पुसून घेण्यापुरती घालतो आणि ती वेगळी ठेवतो.

घरी आणल्यावर लगेच बरणीत भरायचं नाही. परातीत, स्वच्छ कपड्यावर पसरून रात्रभर निवू द्यायचं. गरम तिखट बंद केलं की झाकणाला आतून घाम येतो आणि तोच घाम पुढे गुठळी होतो. सकाळी चिनी मातीच्या बरण्यांत दाबून भरतो. तळाशी, मधे आणि तोंडाशी हिंगाचे खडे, मायच्या पद्धतीने. काचेची बरणी असेल तर कपाटात, उजेडात नाही. मिरचीचा लाल रंग उजेडाने आणि हवेने उडतो. एका वर्षी बायकोने हौसेने काचेच्या बरणीत भरून खिडकीजवळ ठेवलं, दोन महिन्यांत ते वाळलेल्या मातीच्या रंगाचं झालं. आता अर्धं तिखट घट्ट झाकणाच्या डब्यात फ्रीजमध्ये असतं. तो डबा बाहेर काढला की गार असताना उघडत नाही. खोलीइतका झाला की मगच, नाहीतर हवेतली ओल आत धरली जाते.

एवढा खटाटोप कशाला, पुड्यात मिळतं की, असं माझे सोबती विचारतात. २००५ साली ब्रिटनमध्ये शेकडो तयार खाद्यपदार्थ दुकानांतून परत मागवले होते. कारण त्यांत वापरलेल्या तिखटात सुदान नावाचा रंग निघाला होता, आणि ते तिखट भारतातून गेलेलं होतं. हा कारखान्यातला रंग आहे, खायचा नाही. घरी आपण पाण्याच्या ग्लासात तिखट टाकून बघतो. विटेची भुकटी असेल तर ती खाली बसते, पाण्यात विरघळणारा रंग असेल तर रेघा सुटतात. पण सुदान तेलात विरघळणारा रंग आहे, पाण्याच्या ग्लासात तो पकडला जात नाही. सगळे पुडे वाईट असं मी म्हणत नाही. माझ्या मुलीच्या ताटात रोज जे जातं ते मी हलवून, ऐकून, बघून केलेलं असावं, एवढंच मला हवं असतं.

मुलगी आठवीत आहे. तिला शाळेत शिकवलं की मिरची मूळची अमेरिका खंडातली, पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात इकडे आणली. तिने ते आजीला सांगितलं. त्याआधी आपल्याकडे तिखटपणा मिऱ्यांचा होता, मिरची हे नावही मिऱ्यावरूनच आलं. माय बराच वेळ गप्प बसली. मग तिने विचारलं, "मंग खुडा कशाना करेत?" खुडा म्हणजे आमच्याकडचा मिरचीचा ठेचा. हा प्रश्न मला फार आवडला. मिरची नव्हती तेव्हा खांदेशात कळण्याच्या (ज्वारी-उडदाच्या) भाकरीबरोबर काय खात असतील, ते मी तेव्हापासून मनात धरून आहे.

मायला आता कानाने कमी ऐकू येतं. ह्या वर्षी तिने मिरची कानाजवळ नेली, मग खाली घेतली आणि अंगठा व बोटाच्या मधे धरून हळूच हलवली. बियांचा टकटक धक्का सालीतून बोटाला लागतो, म्हणाली. मीही करून बघितलं. खरंच लागतो. गल्लीत गाड्यांचा आवाज असतो तेव्हा कानापेक्षा हे बरं.

यंदा सगळं मिळून सव्वाचार किलो तिखट झालं. पहिल्या रात्री भाकरीवर तिखट, मीठ आणि कच्चं शेंगदाणा तेल, दुसरं काही नाही. एक किलो बहिणीसाठी वेगळं बांधलं. ती उधन्याला असते. आपल्याकडची कितीतरी घरं सुरतेकडे गेलीत, त्यांतलंच एक. गावाकडचा एक मुलगा सुरतेच्या गाडीने जात होता, त्याच्याकडे दिलं. तिचा परवा फोन आला. रंग चांगला आलाय, गुठळी नाही, वास अगदी धाब्यावरचा. पण भाऊ, तिखटाला जरा कमी पडलंय, इकडे पाणीच गोड, भाजी मिळमिळीत लागते.

मी वहीत लिहून ठेवलं आहे: पुढच्या जानेवारीत लवंगी पाऊण किलो.